कोरा रकाना

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाकडे आमच्या भागात फक्त मुले येत नाहीत, कागदही येतात. रेशनचा, बँकेचा, वनखात्याचा कागद मराठीत असतो आणि तो वाचणारे गावात दहा जण सापडतात. निकाहनामा मात्र उर्दूत असतो. तो वाचून घ्यायला लोक आमच्याकडे येतात, आणि येतात ते बहुधा घर मोडल्यानंतर.

अशीच आमच्या एका विद्यार्थिनीची आई आली होती. नवरा ट्रकवर. तीन वर्षांपूर्वी रमजानच्या आधी त्याने तिला दोन मुलींसह मायक्यात आणून सोडले. तलाक दिला नाही, खर्च दिला नाही, न्यायला आला नाही. नदीपलीकडे तेलंगणात त्याने दुसरा निकाह केल्याचे कानावर आले होते. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला निकाहनामा काढला आणि विचारले, "सर, इसमें मेरे लिए क्या लिखा है?"

आम्ही वाचले. दुल्ह्याचे नाव, दुल्हनचे नाव, वकील, दोन गवाह. महर पाच हजार रुपये, मुअज्जल. उर्दू जाणणाऱ्यांना ठाऊक आहे की मुअज्जल हे दोन वेगळे शब्द आहेत. ऐनने लिहिला तर महर रोख, हमजाने लिहिला तर उधार. कानाला दोन्ही सारखेच. तिच्या कागदावर उधारीचा मुअज्जल होता. भर मंडपात ऐकणाऱ्या तिच्या बापाला तो रोखीचा वाटला असेल तर नवल नाही. त्याखाली एक रकाना होता, 'शराइत'. म्हणजे अटी. त्या रकान्यावर कोणीतरी एक आडवी रेघ ओढली होती.

तिच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एकच होते: तुमच्यासाठी यात काहीही लिहिलेले नाही.

हा लेख त्या रेघेविरुद्ध आहे. हा रकाना कोरा ठेवण्याचे फर्मान शरीअतने काढलेले नाही आणि सरकारनेही काढलेले नाही. तो आम्ही कोरा ठेवतो. त्यात आमचा आळस आहे, रिवाज आहे आणि खरे बोलायचे तर आम्हा पुरुषांचा स्वार्थ आहे.

मुस्लिम स्त्रीच्या प्रश्नावर आमच्याकडे दोनच भाषणे ऐकू येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी परिसंवाद असला की एक वक्ता उठतो आणि विचारतो, "ट्युनिशियासारख्या मुस्लिम देशाने १९५६ साली बहुपत्नीत्व बंद केले, तुम्हाला कसली अडचण?" लगेच आमच्यातला एक उठतो आणि उत्तर देतो, "ते फ्रेंचांचे गुलाम, त्यांचे आम्हाला काय सांगता!" टाळ्या दोघांनाही मिळतात. दोघांनाही ट्युनिशिया ठाऊक नसतो.

ट्युनिशियाला २० मार्च १९५६ रोजी स्वातंत्र्य मिळाले आणि पाच महिन्यांच्या आत, १३ ऑगस्टला, तेथे कौटुंबिक कायद्याची संहिता जाहीर झाली. १ जानेवारी १९५७ पासून ती अमलात आली. तिने एक पत्नी असताना दुसरा निकाह हा गुन्हा ठरवला. तलाक न्यायालयाबाहेर होणार नाही आणि तो मागण्याचा हक्क पती व पत्नी दोघांनाही राहील, असे सांगितले. हबीब बुर्गिबा यांनी ही संहिता कुरआन बाजूला ठेवून मांडली नाही. सूरह निसामध्ये चार बायकांच्या परवानगीला न्यायाची अट आहे आणि त्याच सूरहमध्ये पुढे असा न्याय तुमच्याने होणार नाही असेही बजावले आहे. या दोन आयतींच्या आधारे त्यांनी मांडणी केली. काही उलमांनी विरोध केला, काहींनी साथ दिली.

पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे. ताहिर हद्दाद नावाचा एक तरुण ट्युनिसच्या झैतुना या जुन्या दीनी विद्यापीठात शिकला. कामगार संघटनेत त्याने काम केले आणि १९३० साली शरीअत आणि समाजातील स्त्री या विषयावर किताब लिहिली. त्याची मागणी परक्या कायद्याची नव्हती, फिकहच्या आतून वाट काढण्याची होती. झैतुनाच्या उलमांनी त्याला गुमराह ठरवले, त्याला परीक्षेलाही बसू दिले नाही. १९३५ साली, चाळिशीही न गाठता, तो एकाकी अवस्थेत वारला. एकवीस वर्षांनी त्याच्याच अनेक मागण्या कायद्यात आल्या. आपल्यातल्या आलिमाचे ऐकले नाही, मग राज्यकर्त्याचे ऐकावे लागले.

आणि त्याच्याही किती तरी शतके आधीचा मुद्दा हा, जो दोन्ही वक्त्यांना ठाऊक नसतो. त्याच ट्युनिशियात कैरवान नावाचे शहर आहे, जेथील मशीद आफ्रिकेतील सर्वांत जुन्या मशिदींत गणली जाते. या शहरातील मुलीचे बाप निकाहच्या करारातच अट घालून घेत: नवऱ्याने दुसरी बायको केली तर तलाकचा अधिकार पहिलीच्या हाती येईल. असे सांगतात की अब्बासी खलिफा अबू जाफर मन्सूर यांनाही खलिफा होण्यापूर्वी कैरवानची मुलगी करताना ही अट कबूल करावी लागली होती. आख्यायिका सोडून द्या, पण 'कैरवानी करार' हा त्या मुलुखातला नामांकित रिवाज होता. तेव्हा बुर्गिबा नव्हते, फ्रेंचही नव्हते. होता फक्त शराइतचा रकाना, आणि तो भरलेला होता.

आता कोणी म्हणेल, ते मालिकी, आपण हनफी. ठीक आहे. मग हिंदुस्थानातला १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा कोठून आला ते सांगा. हनफी फिकहमध्ये बेपत्ता नवऱ्याच्या बायकोला आयुष्य काढावे लागे, खर्च न देणाऱ्या नवऱ्यापासून सुटका कठीण होती. पंजाबात सुटकेसाठी बायका इस्लाम सोडू लागल्या तेव्हा देवबंदी परंपरेचे थोर हनफी आलिम मौलाना अशरफ अली थानवी यांनी मदीनेच्या मालिकी उलमांशी पत्रव्यवहार केला आणि १९३१ च्या सुमारास आपली किताब सिद्ध केली. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे खर्च देत नसेल, क्रूरपणे वागत असेल तर पत्नीला न्यायालयातून निकाह मोडता येतो, हा आजही लागू असलेला कायदा त्याच मंथनातून निघाला. ज्या मालिकी फिकहवर उत्तर आफ्रिका चालते, तिनेच आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या हनफी मुलीसाठी दार उघडले. त्याच मौलानांनी तफवीजचा, म्हणजे निकाहच्या वेळीच तलाकचा अधिकार अटीसह पत्नीकडे सोपवण्याचा मार्गही दाखवला. कारण तफवीज मुळात हनफी फिकहमध्येच आहे, हिदायासारख्या दर्सच्या किताबात त्याची चर्चा आहे. इंग्रजांच्या काळापासून येथील न्यायालयांनी तो मान्य केला आहे. म्हणजे अडचण मजहबाची नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न काल उपटलेला नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले. दलवाईंची सगळी मते आम्हाला पटत नाहीत. पण आम्ही साठ वर्षे त्या सात बायकांची गणती सात म्हणून हिणवण्यात घालवली, त्या काय मागत होत्या ते ऐकले नाही, हे कबूल केले पाहिजे. झैतुनाने हद्दादचे केले, त्याहून आमचे वागणे फार निराळे नव्हते.

मे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने एका पोटगीच्या प्रकरणात निकाल दिला. मी पूर्वीच तलाक दिला होता, एवढे पतीने न्यायालयात लिहून दिल्याने तलाक सिद्ध होत नाही. कारण काय होते, दोन्ही घरांच्या हकमांनी समेटाचा प्रयत्न केला का, हे दाखवावे लागेल. हे न्यायाधीशांनी घरून आणलेले नव्हते. सूरह निसामध्ये दोन्ही कुटुंबांतून एकेक हकम नेमायला सांगितले आहे तेच होते. जे आमच्या मस्जिद कमिटीने बसून करायला हवे होते, ते औरंगाबादच्या न्यायालयाला सांगावे लागले.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो प्रकरणात एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला. २०१९ साली संसदेने तो तीन वर्षे कैदेचा गुन्हा केला. इतर समाजातला नवरा बायकोला टाकून गेला तर तो दिवाणी मामला आणि आमच्यातल्याने एक अवैध शब्द उच्चारला तर तुरुंग, हा भेदभाव आहे. आम्ही तो मान्य करत नाही. पण गावात काय झाले ते पाहा. नवरे हुशार झाले. तलाक हा शब्दच तोंडातून काढत नाहीत. बायकोला मायक्यात सोडतात आणि गप्प बसतात. पत्नीला अधांतरी लटकती ठेवू नका, अशी स्पष्ट ताकीद कुरआनात असताना आमच्या वस्त्यांतून अशा लटकत्या बायका घरोघर आहेत. त्यांच्यासाठी २०१९ च्या कायद्यात ओळही नाही.

त्याच २०१७ च्या खटल्यात मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्र दिले होते. निकाह पढवणारे दुल्ह्याला समजावतील, आणि एका बैठकीत तीन तलाक न देण्याची अट निकाहनाम्यात घालण्याचा सल्ला दोन्ही पक्षांना देतील. त्याआधी २००५ साली भोपाळच्या बैठकीत बोर्डाने नमुना निकाहनामाही काढला होता. आमचा सवाल साधा आहे. बल्लारपूरपासून अहेरीपर्यंत, राजुऱ्यापासून वडसा-देसाईगंजपर्यंत आम्ही दरसाल निकाहांना जातो. हा सल्ला आम्ही एकाही मंडपात ऐकलेला नाही. दिल्लीत न्यायालयापुढे दिलेला शब्द वैनगंगा ओलांडून का आला नाही? आणि तो आणण्याची जबाबदारी आमची नव्हती काय?

या रकान्याबद्दल बोललो की चार हरकती ठरलेल्या असतात.

पहिली हरकत पेशइमामांची: निकाहसारख्या पाक गोष्टीत अटी-शर्ती म्हणजे सौदा झाला. हजरत, निकाह आमच्या दीनमध्ये करारच आहे. ईजाब आहे, कबूल आहे, गवाह आहेत, महर आहे. कुरआनाने त्याला भक्कम करार म्हटले आहे. निकाहच्या वेळी घातलेल्या शर्ती पाळल्या जाण्यास सर्वांत अधिक लायक आहेत, या आशयाची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. सौदा म्हणायचाच असेल तर मोटारसायकल आणि फ्रीज ठरवणाऱ्या बैठकीला म्हणा. तेथे मात्र आपण बिर्याणी खाऊन दुआ करून येतो.

दुसरी हरकत मुलीच्या बापाची: अट घातली तर मुलगा उठून जाईल. त्याचे दुःख आम्हाला कळते. खाणीत, गॅरेजमध्ये, आठवडी बाजारात राबून त्याने लग्न उभे केलेले असते. पण ही अट एकट्या बापाने घालायची नाही, जमातने घालायची आहे. छापील निकाहनाम्यात सर्वांसाठी एकच मजकूर असला की कोणा एकाची मान खाली जात नाही.

तिसरी हरकत सुधारकांची: कागदाने काय होते, कायदा बदला. कायदा बदलावा असे आम्हालाही वाटते. पण पाकिस्तानात १९६१ च्या कौटुंबिक कायद्याने ठरवलेल्या निकाहनाम्यात अठरावा रकाना तफवीजचाच आहे. कायदा आहे, रकाना आहे, आणि निकाह लावणारे मुलीला न विचारता त्यावर काट मारतात अशी तेथील स्त्रियांची जुनी तक्रार आहे. कायदा रकाना देतो. तो भरायला जागे माणूस लागते.

चौथी हरकत सर्वांत अवघड: आज समान नागरी कायद्याचे नगारे वाजत आहेत, उत्तराखंडात २०२५ पासून तो लागूही झाला, अशा वेळी आपल्या घरातले का उघडे करता? बांधवांनो, आमचे उत्तर उलटे आहे. घर आपण झाडले नाही म्हणूनच बाहेरचा झाडू घेऊन उभा आहे. त्याच्या नियतीवर आम्हालाही शंका आहे. पण त्याची नियत खराब आहे म्हणून आमच्या लेकीचा रकाना कोरा ठेवायचा, हा कोणता इन्साफ?

कागदाची ताकद आम्हाला आमच्याच जंगलाने शिकवली आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव. वनहक्काचा कायदा २००६ साली आला. पण मेंढ्याची ग्रामसभा त्याच्या किती तरी आधीपासून अभ्यासगट चालवत होती, सर्वसंमतीने ठराव करत होती, लिहून ठेवत होती. म्हणून २००९ साली देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ते आले आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. कायदा सगळ्या गावांसाठी होता, तो आधी फळला तो तयारीत असलेल्या गावाला. त्याच गोंड-माडिया शेजाऱ्यांत नवऱ्याशी पटले नाही तर गावाचे पंच बसतात, निवाडा होतो, बाई दुसरे घर करते आणि कोणी तिला नावे ठेवत नाही. आम्ही त्यांना जंगली म्हणतो आणि आमच्या टाकलेल्या लेकीला वीस-वीस वर्षे मायक्याच्या ओसरीवर बसवून ठेवतो.

तेव्हा आमची मागणी आमच्या जमातींकडे, मस्जिद कमिट्यांकडे आणि काझीसाहेबांकडे आहे. शराइतच्या रकान्यात पाच गोष्टी छापून घ्या. एक, महर ऐपतीप्रमाणे, आकड्यात आणि अक्षरात, रोख किती व उधार किती हे साध्या शब्दांत. दोन, एका बैठकीत तीन तलाक देणार नाही आणि हकम बसल्याशिवाय तलाकचे पाऊल उचलणार नाही, असा दुल्ह्याचा कबुलीजबाब. तीन, त्याने दुसरा निकाह केला किंवा ठरावीक महिने खर्च न देता पत्नीला सोडून दिले तर तफवीजने तलाकचा अधिकार तिला. चार, दोघांच्या वयाचे दाखले पाहिल्याशिवाय निकाह नाही. पाच, निकाहनामा उर्दूबरोबर मराठीतही, त्याची एक प्रत दुल्हनच्या स्वतःच्या हाती, आणि महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे सरकारी विवाहनोंदणी. यातल्या एकाही गोष्टीसाठी विधानसभेची वाट पाहायची गरज नाही. एका जुम्म्याची बैठक आणि छापखान्याचे बिल, एवढाच खर्च.

सरकारकडेही आमची एक मागणी आहे, आणि ती करणाऱ्यांनी ट्युनिशियाचे नाव खुशाल घ्यावे. तेथे १९९३ साली एक निधी उभा झाला. न्यायालयाने पोटगी ठरवली आणि नवऱ्याने ती दिली नाही तर हा निधी बाईला व मुलांना पैसे देतो आणि नंतर नवऱ्याकडून वसूल करतो. आमच्याकडे १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही सर्वांसारखी फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते. चांगले झाले. पण सिरोंच्याची बाई दोनशे किलोमीटरवरच्या गडचिरोलीला किती खेटे घालील? हुकूम मिळतो, पैसा मिळत नाही. मुस्लिम भगिनींच्या काळजीने ज्यांना रात्री झोप येत नाही त्यांनी असा निधी काढून दाखवावा, आणि तो सर्व धर्मांच्या टाकलेल्या बायकांसाठी काढावा. तुरुंग बांधणे सोपे असते.

आमच्या हातात होते तेवढे आम्ही केले. दहावीच्या वर्गात एके दिवशी निकाहनाम्याची कोरी प्रत वाटली आणि धडा वाचावा तशी वाचून घेतली. दोन्ही मुअज्जल फळ्यावर लिहून फरक दाखवला. मुली आधी हसल्या, मग गप्प झाल्या, मग प्रश्न विचारू लागल्या. चार दिवसांनी दोन बुजुर्ग शाळेत आले आणि म्हणाले, "बच्चियों को ये सब क्यों सिखाते हो?" आम्ही त्यांना चहा दिला आणि तीच प्रत त्यांच्यापुढे ठेवली. यात शरीअतविरुद्ध एक अक्षर दाखवा, धडा बंद करतो, असे सांगितले. ते प्रत घेऊन गेले. धडा चालू आहे.

प्लास्टिकच्या पिशवीतून निकाहनामा आणणाऱ्या त्या बाईला पोटगीचा हुकूम मिळाला. पहिल्या दोन महिन्यांनंतर पैसे आले नाहीत. १९३९ च्या कायद्याखाली निकाह मोडण्याचा दावा चालू आहे, तारखा पडत आहेत. तफवीजची एक ओळ त्या रकान्यात असती तर तिच्या मुक्ततेला तारखांची वाट पाहावी लागली नसती. तिची थोरली मुलगी यंदा त्याच दहावीच्या वर्गात आहे.

वाचकांना एकच विनंती. हा अंक खाली ठेवल्यावर पेटीतून आपल्या घरचा निकाहनामा काढा, शराइतच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहा, आणि घरात उर्दू वाचता येत नसेल तर जवळच्या उर्दू शाळेत घेऊन जा. मग येत्या मोसमात तुमच्या घरी किंवा मोहल्ल्यात जो पहिला निकाह असेल, त्याच्या आठ दिवस आधी काझीसाहेबांकडे जाऊन बसा. मंडपात बोलायला उशीर झालेला असतो.